द वंडर्स ऑफ एलोरा

द वंडर्स ऑफ एलोरा हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यातील अधिकारी जॉन बी. सीली यांनी लिहिलेले इंग्रजी प्रवासवर्णन आहे. सीली यांनी १८१० साली मुंबईहून वेरूळच्या लेण्यांपर्यंत केलेल्या प्रवासाचा वृत्तान्त त्यात आहे. हा ग्रंथ १८२४ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झाला व १८२५ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली.

लेखक

सीली हे मुंबई नेटिव्ह इन्फन्ट्री या पायदळात कॅप्टन होते. नागपूरच्या राजांच्या लष्करी सेवेतही ते काही काळ होते. १८२४ मध्येच त्यांचे 'अ व्हॉइस फ्रॉम इंडिया' हे दुसरे पुस्तक प्रकाशित झाले.

प्रवासाचा मार्ग

सीली पुणे, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) व गोदावरीकाठचे टोके या मार्गाने वेरूळला गेले. परतताना त्यांनी दौलताबाद व औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) ही ठिकाणे पाहिली. बोरघाटातील गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला. त्यामुळे सीली यांच्या काळी घाटातून सामानाची ने-आण बैलांच्या पाठीवरून व हमालांकरवी होत असे.

हा प्रदेश तेव्हा एकाच सत्तेखाली नव्हता. पुण्यात दुसरे बाजीराव पेशवे होते, तर औरंगाबाद हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होते. अहमदनगरचा किल्ला कंपनीच्या सैन्याने १८०३ मध्ये घेतला होता.

लेण्यांचे वर्णन

ग्रंथाचा मुख्य विषय वेरूळची लेणी हा आहे. एकसंध खडकातून कोरलेल्या कैलास लेण्याला (क्र. १६) त्यात विशेष स्थान आहे. लेण्यांसाठी सीली यांनी स्थानिक लोकांत रूढ असलेली नावे वापरली. विश्वकर्मा, दशावतार, इंद्रसभा यांसारखी ही नावे आजही प्रचारात आहेत. मात्र अशा नावांवरून लेण्याचा धर्म ठरविता येत नाही. विश्वकर्मा लेणे (क्र. १०) हे बौद्ध चैत्यगृह असून इंद्रसभा (क्र. ३२) हे जैन लेणे आहे.

मर्यादा

ग्रंथाच्या लांबलचक शीर्षकातच ही लेणी ग्रॅनाइटच्या डोंगरात कोरल्याचे म्हटले आहे. प्रत्यक्षात तो दख्खनच्या पठारावरील बेसॉल्ट, म्हणजे काळा पाषाण आहे. प्रवास व प्रकाशन यांत १४ वर्षांचे अंतर पडले. या काळात १८१८ मध्ये पेशवाईचा शेवट झाला होता. त्यामुळे ग्रंथातील राजकीय मते १८१० सालचीच आहेत असे गृहीत धरता येत नाही. लेण्यांच्या कालनिर्णयासाठीही तो आधारभूत मानता येत नाही. कैलास लेणे आठव्या शतकातील राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातील असल्याचे पुढील काळात ताम्रपट व शिलालेखांच्या अभ्यासातून मानले गेले.

महत्त्व

वेरूळविषयी सीली यांच्यापूर्वीही लिहिले गेले होते. चार्ल्स मॅलेट यांचे वर्णन व जेम्स वेल्स यांच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियल यांनी १८०३ मध्ये काढलेली चित्रे ही त्याची उदाहरणे होत. सीली यांनी लेण्यांबरोबर तेथवरची वाटही नोंदविली. जॉन स्मिथ यांनी १८१९ मध्ये अजिंठ्याची लेणी पाहिली, त्याच्या नऊ वर्षे आधीचा हा प्रवास आहे. जेम्स फर्ग्युसन व जेम्स बर्जेस यांचा 'केव्ह टेंपल्स ऑफ इंडिया' हा शास्त्रीय ग्रंथ १८८० मध्ये आला. त्याआधी, रेल्वे व पक्के रस्ते नसताना एका सैनिकाला दख्खन कसा दिसला, हे जाणण्यासाठी हा ग्रंथ उपयुक्त ठरतो.