मधुमेहाचे मूळ : पाबळ ते साउथॅम्प्टन

१/ मधुमेह हा शहरी सुखवस्तूंचा रोग, ही समजूत दीर्घकाळ रूढ होती. तिला धक्का बसला तो शिरूर परिसरातील खेड्यांत.

२/ १९९३ साली पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि साउथॅम्प्टनचे ब्रिटिश संशोधक यांनी पाबळ, केंदूर, कोरेगाव भीमा आदी सहा गावांतील स्त्रियांच्या नोंदी गर्भधारणेपूर्वीपासून ठेवण्यास आरंभ केला.

३/ येथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, तर साउथॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो भरले. येथील बालकांचे स्नायू कृश होते. मेद मात्र त्या मानाने घटलेला नव्हता. मधुमेहाची पूर्वतयारी गर्भातच होत असावी, असे यातून सूचित झाले.

४/ ज्या मातांमध्ये गर्भारपणी ब-१२ जीवनसत्त्व कमी व फोलेट अधिक होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला प्रतिरोध सर्वाधिक आढळला.

५/ पुढे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद व ब्रिटनची मेडिकल रिसर्च कौन्सिल, या दोन्ही सरकारी निधीवरील संस्थांनी एकत्र आर्थिक भार उचलला. २०१२ मध्ये याच अभ्यासात जन्मलेल्या मुलामुलींना, ते आईबाप होण्यापूर्वीच, ब-१२ देऊन पाहण्याची चाचणी सुरू झाली.

६/ ‘जीवनशैलीचा आजार’ हा शब्दप्रयोग सारा दोष रुग्णाच्या माथी मारतो. या गावांच्या नोंदी विचारतात, त्याच्या आईच्या ताटात काय उणे होते?