सीमेन्ससाहेबांची काच

मंडळी, या वेळी लिहायला बराच उशीर झाला. त्याचं कारण सांगायचं तर आधी एका सरड्याची ओळख करून द्यायला हवी.

माझा नातू (लेकीचा मुलगा, ओहायोला असतात ते) दोन वर्षांपासून शॅमेलिऑन पाळतो. आपल्याकडच्या सरडगुहिर्‍याचा हा भाऊबंद. आपला सरडगुहिरा पाळायला कायद्याने बंदी आहे आणि ते बरंच आहे. नातवाकडचा आहे येमेनकडच्या जातीचा, डोक्यावर उंच तुरा असलेला. तो जाळीच्या उंच पिंजर्‍यात राहतो आणि आत कुंड्यांमधून खरी झाडं आहेत. मनीप्लांट आहे, छत्रीसारख्या पानांचं एक झुडूप आहे आणि एक जास्वंद. ही झाडं शोभेची नव्हेत बरं का. हा प्राणी वाटीतलं पाणी सहसा पीत नाही, पानांवरचे थेंब चाटतो. पानांआड लपायला मिळालं नाही तर घाबराघुबरा होतो. आणि जास्वंदीचं फूल चक्क खातो! गणपतीचं फूल सरड्याला... असो.

गेल्या हिवाळ्यात त्या जास्वंदीच्या कळ्या गळायला लागल्या. पिंजर्‍यावर एकच लांब नळी ठेवायची सोय होती आणि तिथे सरड्यासाठीची खास नळी होती. नातवाने फोनवर विचारलं, "आजी, झाडांना दिवा हवा, पण जागाच नाही. काय करू?" मी म्हटलं, "अरे, पिंजरा खिडकीशी सरकव. कोवळं ऊन येतंच आहे, सरड्याला ते पुरे. वरची जागा झाडांच्या दिव्याला दे." आपण नाही का, बाळाला तेल लावून कोवळ्या उन्हात घेऊन बसत? मला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यानेही आजीचं ऐकलं.

जास्वंद सावरली. पण चार महिन्यांनी सरड्याची फांदीवरची पकड सुटायला लागली आणि त्याचे पुढचे पाय धनुष्यासारखे वाकले. प्राण्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, हाडं मऊ झाली आहेत. नातू मला एका शब्दाने बोलला नाही, त्याचंच जास्त लागलं. लेक म्हणाली, "आई, ते किरण खिडकीच्या काचेतून येत नाहीत गं."

मी बी.ए. केलं ते इतिहास घेऊन. शास्त्र माझं कच्चंच. सातवीच्या वर्गावर शास्त्राचे बदली तास घेतले तेव्हा फळ्यावर पान, सूर्य आणि बाण काढून मोकळी झाले होते. म्हणून हेही इतिहासाच्याच वाटेने शोधलं. काचेने काय अडतं, हे माणसाला कळलं तरी कधी?

शोधता शोधता पोचले इंग्लंडमधल्या टनब्रिज वेल्सजवळच्या एका घरी, साल १८८०. घर विल्यम सीमेन्स यांचं. जन्माने जर्मन, व्यवसायाने इंजिनिअर. १८७० मध्ये लंडन ते कलकत्ता तार सुरू झाली ती या भावंडांच्याच खटपटीने. या गृहस्थांनी घरच्या बागेसाठी इंजिनावर डायनॅमो चालवून आर्क दिवा लावला, म्हणजे कार्बनच्या दोन कांड्यांमधली विजेची लखलखती कमान. एडिसनचा बल्ब तेव्हा नुकता जन्माला येत होता. सीमेन्ससाहेबांनी मोहरी, गाजर, घेवडा, काकडी, खरबूज अशी झाडं लावून त्यांचे चार गट केले. एक गट अंधारात, एक नुसत्या विजेच्या दिव्यावर, एक नुसत्या दिवसाच्या उजेडावर आणि चौथ्याला दिवसा ऊन, रात्री दिवा. चौथा गट सगळ्यांत हिरवागार झाला. लंडनच्या रॉयल सोसायटीत त्यांनी हे वाचून दाखवलं तेव्हा कळीतल्या ट्यूलिपची कुंडी दिव्यासमोर ठेवली होती. पाऊण तासाच्या आत फुलं उमलली म्हणतात. सभेतल्या म्हातार्‍या विद्वानांचे चेहरे पाहायला हवे होते!

पण माझ्या कामाची गोष्ट पुढेच आहे. पुढल्या हंगामात त्यांनी दिवा थेट काचघराच्या आत, उघडाच टांगला. पानं करपली. मग मधे साध्या पातळ काचेचा तुकडा ठेवला तर त्या काचेमागची झाडं खुशाल वाढली. काचेच्या आडोशाची रेघ पानांवर स्पष्ट उमटली होती, अलीकडे करपलेलं आणि पलीकडे हिरवं. उजेड तर दोन्हीकडे आपल्या डोळ्यांना सारखाच! म्हणजे डोळ्याला न दिसणारं काहीतरी काचेने अडवलं होतं. आपण त्याला अतिनील किरण म्हणतो (आमच्या वेळच्या पुस्तकात 'जंबुपार' असा झोकदार शब्द होता). अमेरिकेत कॉर्नेलला लिबर्टी हाइड बेली यांनी दहाएक वर्षांनी असेच प्रयोग केले. त्यांनाही उघड्या दिव्याचा हाच अनुभव आला. सॅलडची पानं मात्र त्या दिव्याने आठवडाभर लवकर तयार झाली आणि पालक बी धरून बसला.

झाडांच्या बाजूने पाहिलं तर काच उपकारकर्ती ठरली. प्राण्यांच्या बाजूची गोष्ट चाळीस वर्षांनी घडली, बर्लिनमध्ये. पहिल्या महायुद्धानंतरची उपासमार, पोरं मुडदुसाने वाकडी झालेली. १९१८-१९ च्या हिवाळ्यात कुर्ट हुल्डशिन्स्की या डॉक्टरांनी अशा चार मुलांना पार्‍याच्या दिव्यासमोर बसवलं. त्या दिव्याची नळी साध्या काचेची नव्हती, क्वार्ट्झची होती, कारण क्वार्ट्झमधून अतिनील किरण पार होतात. क्ष-किरणांच्या चित्रात हाडं भरत चाललेली दिसली. एकाच हातावर प्रकाश टाकला तरी दुसर्‍या हाताचंही हाड सुधारलं. म्हणजे कातडीत काहीतरी तयार होऊन ते रक्तातून सगळीकडे जात होतं. तेच आपलं ड जीवनसत्त्व. हे वाचताना मला त्या सरड्याचे वाकडे पाय दिसत होते. बाळाला आपण अंगणात नेतो, बंद खिडकीच्या आत नाही, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आपल्याकडे खिडक्या उघड्या असतात हो! ओहायोच्या हिवाळ्यात कोण उघडणार?

तर दोन जीव आणि दोघांची भूक वेगळी. आता झाडाच्या दिव्याकडे येते, कारण तिथेही डोळा फसवतोच.

दिव्याच्या खोक्यावर ल्युमेनचा आकडा असतो. हे माप माणसाच्या डोळ्यावरून ठरवलेलं आहे. १९२४ मध्ये जागतिक मंडळाने त्यासाठी डोळ्याचा आलेख पक्का केला आणि आपला डोळा सगळ्यांत तीक्ष्ण असतो तो हिरवट पिवळ्याला. झाडाला त्याच्याशी काय देणंघेणं? जर्मनीत एंगेलमान यांनी १८८२ मध्येच एक गंमत केली होती. शैवालाच्या धाग्यावर त्यांनी लोलकातून निघालेला इंद्रधनुष्यी पट्टा पाडला आणि प्राणवायूकडे धावणारे जीवाणू त्यात सोडले. ते तांबड्यात आणि निळ्यात गर्दी करून बसले. मग सगळ्यांनी तेच धरलं, झाडाला तांबडं-निळं द्या. १९६० च्या दशकात 'ग्रो-लक्स' नावाच्या गुलाबी-जांभळ्या ट्यूब आल्या त्या याच हिशेबाने. पुढे तांबडे एलईडी आले. १९९३ मध्ये जपानच्या नाकामुरा यांनी झगझगीत निळा एलईडी जाहीर केला (अकासाकी आणि अमानो यांच्यासह २०१४ चं नोबेल), आणि घराघरांतल्या कुंड्यांवर जांभळे दिवे लागले. नातवाने माझ्या सल्ल्यावरून आणलेला दिवाही जांभळाच.

आणि गंमत पाहा, १९७० च्या सुमारास टेक्ससच्या मॅकक्री यांनी बावीस पिकांची पानं तपासून दाखवलं होतं की हिरवा उजेडही पानं बर्‍यापैकी वापरतात. चारशे ते सातशे नॅनोमीटर, जवळजवळ सगळं दृश्य इंद्रधनुष्य झाडाच्या ताटात असतं. अंतराळस्थानकात २०१५ मध्ये अंतराळवीरांनी स्वतः पिकवलेलं सॅलड खाल्लं, त्या दिव्यांत तांबड्या-निळ्याबरोबर हिरवे एलईडीही होते. कारण काय, तर पानं आपल्याला पानांसारखी दिसावीत! जांभळ्या उजेडात पान पिवळं पडलंय की हिरवं आहे, काही कळत नाही. सरड्याच्या पिंजर्‍यात तर ते कळायलाच हवं. शिवाय या प्राण्याला आपल्याहून जास्त रंग दिसतात. त्याला दिवसभर जांभळ्या खोलीत कोंडायचं कशाला?

तेव्हा आम्ही दोघांनी मिळून (मी इकडून फक्त मान डोलावत होते) नवी मांडणी ठरवली. वर दोन नळ्यांची चौकट. एका खाचेत सरड्याची अतिनील किरणांची नळी, दुसरीत झाडांसाठी साडेसहा हजार केल्विनची पांढरी नळी, आणि बाजूला उबेचा बल्ब वेगळा. मधे काच अजिबात नाही, फक्त जाळी. जाळीनेही थोडा उजेड खातोच, म्हणून उजेडाची हावरी जास्वंद वरच्या अंगाला आणि सोशिक मनीप्लांट खाली. दिवे बारा तास, मग पूर्ण काळोख. झाडांना रात्रीची विश्रांती लागतेच असं नाही, असं सीमेन्ससाहेबांनी लिहून ठेवलंय, पण सरड्याला झोप लागते. तिथे मी साहेबांचं ऐकायला नकार दिला.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी बजावली. अतिनील नळीचा तो न दिसणारा भाग आधी मंदावतो. आपल्या डोळ्यांना नळी लख्खच दिसते, आणि तिचं खरं काम मात्र कधीच संपलेलं असतं. म्हणून वर्षाच्या आत ती बदलायची, चालू असली तरी. "चालू दिवा फेकायचा?" असं माझ्या तोंडून निघून गेलं. पलीकडे लेक हसली.

सरडा जगला. औषध आणि कॅल्शियम चालू आहे. पायांचा बाक राहणार, पण पकड परत आली आहे. परवा फोटो आला, त्यात जास्वंदीला फूल आहे आणि त्याच्या दोन पाकळ्या गायब आहेत. नातवाने नळीच्या टोकाला बसवल्याची तारीख चिकटवली आहे. बदलायची तारीख मी इकडे कालनिर्णयवर लिहून ठेवली आहे, लाल शाईने.