गणिताचे पदवीधर आणि त्यांची चाकरी

महाविद्यालयात विषय निवडावयाची वेळ आली, की घराघरांतून एक प्रश्न हटकून विचारला जातो: गणित घेऊन मुलगा पुढे करणार काय? वैद्यकाला दवाखाना आहे, कायद्याला न्यायालय आहे, स्थापत्याला पूल आणि पाटबंधारे आहेत. निव्वळ गणिताला मात्र स्वतःचे असे दुकान नाही. वडीलधाऱ्यांची ही शंका रास्तच आहे. परंतु ती आजकालची नव्हे. ज्या केंब्रिज विद्यापीठाने गणिताला सर्व विद्यांच्या शिरोभागी बसविले, तेथून बाहेर पडणाऱ्या तरुणांनाही ती एकोणिसाव्या शतकात भेडसावीत होती.

केंब्रिजची गणितातील ‘ट्रायपॉस’ परीक्षा ही त्या काळी बुद्धीची सर्वांत कठोर कसोटी मानली जाई. तीत पहिल्या वर्गात उत्तीर्ण होणाऱ्यास ‘रँग्लर’ म्हणत आणि त्यांतील अग्रणीस ‘सीनियर रँग्लर’. पण हे रँग्लर पुढे गणितच करीत बसले, असा समज कोणी करून घेऊ नये. कोणी धर्मोपदेशक झाले, कोणी वकील, कोणी न्यायाधीश, कोणी शाळामास्तर. गणिताच्या अध्यापकाच्या जागा होत्या मूठभर, आणि त्याही म्हातारे प्राध्यापक जिवंत असेपर्यंत रिकाम्या होत नसत. विद्यार्थ्याची बुद्धी पोलादासारखी आहे एवढा दाखला ती पदवी देई. त्या पोलादाचे काय घडवावयाचे, हे ज्याचे त्याने पाहावे.

आर्थर केली हा १८४२ सालचा सीनियर रँग्लर. ट्रिनिटी कॉलेजात त्याला फेलोची जागा मिळाली, परंतु ती कायम ठेवावयाची तर धर्मदीक्षा घेणे भाग होते. ती त्याला नको होती. तेव्हा त्याने लंडनला जाऊन कायद्याचा अभ्यास केला, १८४९ मध्ये सनद मिळविली आणि जमीनजुमल्याची खतपत्रे तयार करण्याचा व्यवसाय पत्करला. वकिलीत तो हुशार होता. मात्र पोटापुरते मिळाले की येणारे काम तो परत पाठवी, कारण उरलेला वेळ त्याला गणितासाठी हवा असे. अशी चौदा वर्षे त्याने काढली आणि तेवढ्या अवधीत दोनशेहून अधिक शोधनिबंध लिहिले! १८६३ मध्ये केंब्रिजने त्याच्यासाठी प्राध्यापकाची जागा पुढे केली, तेव्हा वकिलीच्या मानाने तिचे उत्पन्न फारच थोडे होते. केलीने ती तत्काळ स्वीकारली.

त्याचा स्नेही जेम्स जोसेफ सिल्व्हेस्टर याचे नशीब अधिक खडतर होते. १८३७ च्या परीक्षेत तो दुसरा आला. पण तो ज्यू होता, आणि इंग्लंडच्या अधिकृत चर्चच्या तत्त्वांवर सही केल्यावाचून केंब्रिज पदवी देत नसे. त्याला ती मिळाली १८७२ मध्ये, म्हणजे पस्तीस वर्षांनी. तोवर धर्माची ती अट कायद्याने रद्द झालेली होती. मध्यंतरी अमेरिकेत व्हर्जिनिया येथे तो प्राध्यापक म्हणून गेला आणि काही महिन्यांतच परतला. अखेर १८४४ मध्ये लंडनच्या एका आयुर्विमा कंपनीत त्याने नोकरी धरली. माणसांच्या जन्ममृत्यूच्या कोष्टकांवरून विम्याचे हप्ते ठरविणारा जो तज्ज्ञ, ज्याला अ‍ॅक्चुअरी म्हणतात, तो सिल्व्हेस्टर झाला. १८४८ मध्ये अशा तज्ज्ञांची संस्था लंडनमध्ये निघाली, तिच्या उभारणीतही त्याचा हात होता. पुढे त्यानेही वकिलीची सनद घेतली. लिंकन्स इनच्या आवारात फेऱ्या घालीत हे दोघे बीजगणिताची चर्चा करीत. एक खतपत्रांचा वकील, दुसरा विम्याचा हिशेबनीस! संख्यांच्या चौकटीस ‘मॅट्रिक्स’ हे नाव सिल्व्हेस्टरने १८५० मध्ये दिले आणि त्या चौकटींची रीतसर उपपत्ती केलीने १८५८ मध्ये मांडली. दोघांपैकी एकाचीही उपजीविका त्या त्या वेळी गणिताच्या अध्यापनावर चाललेली नव्हती. १९२५ नंतर अणूच्या अंतरंगाचे गणित मांडावयास आणि त्याहीनंतर संगणकांना हीच विद्या उपयोगी पडली. विमा कंपनीच्या भागधारकांना याची कल्पना असण्याचे कारण नव्हते.

याच ट्रायपॉसची कीर्ती महाराष्ट्रात पोहोचली ती रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्यामुळे. दापोली तालुक्यातील मुर्डी गावचे हे विद्यार्थी १८९९ मध्ये बर्टविसल नावाच्या इंग्रज विद्यार्थ्याच्या बरोबरीने सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळविणारे ते पहिले हिंदी. ‘रँग्लर’ हा शब्द मराठीत जणू पदवीसारखा नावाच्या आधी लागू लागला तो तेव्हापासून. पुढे रँग्लर महाजनी आणि रँग्लर नारळीकर ही नावेही घरोघरी झाली. गुणानुक्रमाने नावे जाहीर करण्याची पद्धत केंब्रिजने १९०९ नंतर बंद केली, तरी मराठी माणसाने तो किताब सोडला नाही. अशा माणसास सरकारी नोकरीत मोठी जागा सहज मिळाली असती. परांजपे परतले ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात, डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद म्हणून, दरमहा पंचाहत्तर रुपयांवर. १९०२ पासून ते तेथे प्राचार्य झाले. त्यांच्या आधी टिळकांनी आणि गोखल्यांनी त्याच संस्थेत गणित शिकविलेले होते. टिळक १८७६ मध्ये गणित घेऊनच बी. ए. झाले होते, आणि गोखल्यांचे अंकगणिताचे पुस्तक शाळांतून वर्षानुवर्षे चालले. गणिताचा पदवीधर म्हणजे शाळामास्तर किंवा प्रोफेसर हे समीकरण आपल्याकडे रूढ झाले, त्यामागे पगाराची ओढ नव्हती, हे विसरता कामा नये.

परंतु दुसरीही एक वाट होती: सरकारी कचेरीची. मुलकी सेवेच्या परीक्षेत गणिताला भरपूर गुण असत. महसूल आणि हिशेबखात्यांतून त्यामुळे गणिताचे जाणकार आढळत, आणि इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी ही संस्था १९०७ मध्ये ज्यांच्या खटपटीने निघाली, ते व्ही. रामस्वामी अय्यर हे मद्रास इलाख्यातील डेप्युटी कलेक्टर होते. संस्थेचे ग्रंथालय मात्र फर्ग्युसनमध्ये, परांजप्यांच्या देखरेखीखाली.

या रामस्वामी अय्यरांकडे १९१० मध्ये एक तरुण आपली वही घेऊन आला आणि त्याने कचेरीत कारकुनाची जागा मागितली. तो श्रीनिवास रामानुजन. त्याच्याजवळ पदवी नव्हती. गणिताखेरीज इतर विषयांत नापास झाल्यामुळे इंटरच्या पलीकडे तो जाऊ शकला नव्हता. वही पाहून रामस्वामी अय्यरांनी नोकरी दिली नाही. महसूल खात्याच्या तळाच्या जागेवर ही प्रतिभा गुदमरून टाकावी, असे त्यांना वाटेना. त्यांनी चिठ्ठ्या देऊन त्याला मद्रासला धाडले. नेलोरचे कलेक्टर रामचंद्र राव यांनी काही काळ दरमहा पंचवीस रुपये पदरचे दिले. रामानुजनला दुसऱ्याच्या दानावर जगणे रुचेना. अकाउंटंट जनरलच्या कचेरीत काही दिवस हंगामी काम केल्यावर १ मार्च १९१२ रोजी तो मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये तीस रुपयांवर हिशेबी कारकून म्हणून रुजू झाला.

या बंदरातील नोकरीचा उल्लेख पुष्कळदा दुःखाने केला जातो. तो तितकासा यथार्थ नाही. त्याचे वरिष्ठ नारायण अय्यर हे स्वतः गणिताचे एम. ए., एकेकाळचे अध्यापक आणि मॅथेमॅटिकल सोसायटीचे खजिनदार. दिवसा बंदराचे हिशेब आणि रात्री पाटीवर रामानुजनबरोबर गणिते, असा त्यांचा क्रम असे. पोर्ट ट्रस्टचे अध्यक्ष सर फ्रान्सिस स्प्रिंग यांनीही या कारकुनासाठी शब्द टाकला. जानेवारी १९१३ मध्ये त्याने केंब्रिजच्या हार्डी यांना जे पत्र लिहिले, त्यात आरंभीच आपण वर्षाला अवघ्या वीस पौंडांवर काम करणारे कारकून आहोत, असे सांगितले आहे. त्या वर्षी मद्रास विद्यापीठाने त्याला शिष्यवृत्ती दिली. ती दरमहा पंचाहत्तर रुपये होती, म्हणजे फर्ग्युसनच्या आजीव सभासदाच्या वेतनाएवढीच! गणितात गढून जाणाऱ्या माणसाची त्या काळची ती किंमत म्हणावयाची. १९१४ मध्ये तो इंग्लंडला गेला, १९१८ मध्ये रॉयल सोसायटीचा फेलो झाला आणि १९२० मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, निवर्तला. ज्या विद्यापीठांनी पदवीअभावी दार लावले त्यांचा दोष उघड आहे. पण दार किलकिले करणारे लोक कचेऱ्यांतच बसलेले होते, हेही तितकेच खरे.

विम्याचे क्षेत्र आपल्याकडे पुढे वाढले, १९५६ मध्ये आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि गणिताच्या पदवीधराला अ‍ॅक्चुअरीच्या कठीण परीक्षांची वाट मोकळी राहिली. संख्याशास्त्र आणि संगणक यांनी त्यात भर घातली, ती हकीकत सर्वज्ञात आहे.

त्यापेक्षा १९२९ सालच्या दोन पदवीधरांची कथा पाहण्यासारखी आहे. दोघेही १९०५ मध्ये जन्मलेले. पहिला पोलंडमधील मारियन रेयेव्स्की. पोझ्नान विद्यापीठात त्याने गणिताची पदवी घेतली. विम्याच्या गणिताचा अभ्यास करावा म्हणून तो जर्मनीत ग्योटिंगेनलाही जाऊन आला. पण पोलंडच्या लष्कराच्या गुप्तलिपी विभागाने जर्मन जाणणाऱ्या गणिताच्या निवडक विद्यार्थ्यांसाठी १९२९ मध्येच एक छुपा वर्ग चालविला होता, आणि त्यात रेयेव्स्की होता. १९३२ च्या अखेरीस, फ्रेंच हेरांनी मिळविलेल्या काही कागदांच्या साह्याने, त्याने जर्मनांच्या ‘एनिग्मा’ यंत्राच्या आतील तारांची जोडणी निव्वळ क्रमबदलांच्या समीकरणांतून शोधून काढली. ज्या उपपत्तीचा व्यवहारात काही उपयोग नाही असे तज्ज्ञही म्हणत, तीच येथे हत्यार ठरली. जुलै १९३९ मध्ये पोलंडने ही विद्या इंग्लंड-फ्रान्सच्या हाती दिली. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये रेयेव्स्की मायदेशी परतला, आणि पुढची वीस वर्षे त्याने बिडगोश्च शहरात कचेरीतल्या साध्या नोकऱ्यांवर काढली. त्याने काय केले होते हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना ठाऊक नव्हते, आणि त्यानेही १९६७ मध्ये सेवानिवृत्त होईपर्यंत ते सांगितले नाही.

दुसरे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म डहाणूचा, शाळा ठाण्याला, महाविद्यालय फर्ग्युसन. परांजप्यांच्या नावाने ठेवलेले गणिताचे पारितोषिक त्यांनी १९२७ मध्ये मिळविले, १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी. एस्‌सी. घेतली आणि १९३० पासून नाशिकजवळच्या देवळालीत ते शाळामास्तर झाले. पुढची कोणतीही पदवी त्यांनी घेतली नाही. शाळा सुटल्यावर ते आकड्यांशी खेळत बसत. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी, फक्त चारही अंक एकच नसावेत. अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यांतून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी आणि हेच पुन्हा करीत जावे. ३५२४ घेतल्यास ५४३२ मधून २३४५ वजा जाऊन ३०८७ येते, मग ८३५२, मग ६१७४. आणि ६१७४ वर आले की तेथून हलता येत नाही. फार तर सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या येथेच पोहोचते. काही संख्यांना त्यांनी देवळालीचे नाव दिले, काहींना डोंबिवली स्थानकावरून ‘डेम्लो’ म्हटले, कारण ती कल्पना तेथे गाडी बदलताना सुचली होती. विद्यापीठांतील पुष्कळ पंडितांना हा पोरखेळ वाटे. आपल्या पुस्तिका कापरेकर स्वतःच छापून काढीत.

१९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांच्याविषयी लिहिले आणि देवळालीच्या या मास्तरांचे नाव जगभर पसरले. शाळेतून ते १९६२ मध्ये निवृत्त झाले होते. १९६६ मध्ये पत्नी निवर्तल्यावर निवृत्तिवेतन पुरेनासे झाले, तेव्हा त्यांनी गणिताच्या आणि विज्ञानाच्या शिकवण्या धरल्या होत्या.