नोंद नसलेला दिवस : केलेबॉर्नचे प्रस्थान आणि संहितेचे मौन

फँटसीच्या समीक्षेत एक प्रश्न वारंवार उपस्थित होतो. कथेने ज्याचा शेवट सांगितलेला नाही, अशा पात्राच्या उत्तरायुष्याविषयी समीक्षकाने काय म्हणावे? जे. आर. आर. टॉल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधील लोथलॉरिएनचा अधिपती केलेबॉर्न हे अशा पात्राचे ठळक उदाहरण होय. गॅलाड्रिएलच्या तेजापुढे हे पात्र फिके पडते, त्याचे बोलणेही मोजकेच आहे. त्यामुळे त्याच्या अखेरीची अनिश्चितता हा लेखकाचा निष्काळजीपणा मानण्याकडे कल होतो. हा समज संहितेच्या इतिहासाला धरून नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

प्रथम निश्चित तपशील पाहू. तिसऱ्या युगाच्या 3019 या वर्षी, सॉरॉनच्या पराभवानंतर, केलेबॉर्न सैन्यासह अँडुइन नदी ओलांडून डोल गुल्डुर घेतो. पुढे थ्रँडुइलशी होणाऱ्या भेटीत अरण्याचा दक्षिण भाग त्याच्याकडे येतो व त्याला तो पूर्व लॉरिएन असे नाव देतो. 3021 मध्ये गॅलाड्रिएल एल्रॉन्डसमवेत समुद्रापार जाते. केलेबॉर्न मागे राहतो. त्यांची कन्या केलेब्रिअन पाच शतकांपूर्वी, 2510 मध्येच, पश्चिमेस गेलेली असते. नात आर्वेन हिने मर्त्यत्व पत्करलेले असते. गॅलाड्रिएलच्या प्रस्थानापूर्वीच, आरागॉर्नचा निरोप घेताना, तुझे दैव माझ्यासारखे न ठरो आणि तुझा ठेवा अखेरपर्यंत तुझ्यापाशी राहो, अशा आशयाची सदिच्छा केलेबॉर्न व्यक्त करतो. विरहाची जाणीव त्याला आधीच झालेली आहे, हे येथे स्पष्ट होते. पुढील वृत्तान्त मुख्य कथनात येत नाही, तो परिशिष्टे व प्रस्तावना यांत विखुरलेला आहे.

या विखुरलेल्या उल्लेखांचा कालक्रम लावला की प्रश्नाचे स्वरूप पालटते. 1955 मध्ये तिसऱ्या खंडासोबत परिशिष्टे प्रसिद्ध झाली. त्यांतील कालपट सरळ विधान करतो की, गॅलाड्रिएल गेल्यावर काही वर्षांतच केलेबॉर्न आपल्या राज्याला कंटाळला व इम्लाड्रिस येथे एल्रॉन्डच्या पुत्रांकडे राहावयास गेला. त्याच खंडातील आरागॉर्न व आर्वेन यांच्या कथेत, आरागॉर्नच्या मृत्यूनंतर आर्वेन लॉरिएनमध्ये येते तेव्हा गॅलाड्रिएल तर गेलेली आहेच, पण केलेबॉर्नही तेथे नाही. ही घटना चौथ्या युगाच्या दुसऱ्या शतकाच्या प्रारंभीची होय. येथे घाईचा वाचक असा निष्कर्ष काढील की, तोपर्यंत केलेबॉर्न समुद्रापार गेलेला होता. परंतु वाक्य केवळ लॉरिएनमधील त्याची अनुपस्थिती सांगते. इम्लाड्रिसचे वास्तव्यही त्या अनुपस्थितीचे पुरेसे कारण आहे. या उल्लेखावरून प्रस्थानाची कालमर्यादा ठरवता येत नाही.

निर्णायक भर पडते ती 1965 च्या दुसऱ्या आवृत्तीत. त्या वेळी प्रस्तावनेला शायरच्या दप्तरांविषयीचे टिपण जोडले गेले. मेरिअडॉकने रिव्हेंडेलला एकाहून अधिक वेळा भेट देऊन माहिती मिळवली असावी, या संदर्भात तेथे केलेबॉर्नचा उल्लेख येतो. तो तेथे राहावयास गेला ‘असे सांगतात’, अशा वळणाचे ते वाक्य आहे. तो अखेर ग्रे हेवन्सकडे निघाला त्या दिवसाची मात्र नोंद नाही आणि त्याच्याबरोबर प्राचीन युगांची शेवटची जिवंत स्मृती मध्य-पृथ्वीवरून गेली, असे टिपण सांगते. 1955 मधील ठाम विधानाची जागा दहा वर्षांनी ऐकीव वार्तेने घेतली, ही बाब लक्षणीय आहे. अनिश्चितता येथे राहून गेलेली नाही, ती नंतर जाणीवपूर्वक घातलेली आहे. तो गेला याविषयी टिपणाला शंका नाही. शंका आहे ती केव्हा, याविषयीच.

हे मौन कोठे उच्चारले गेले आहे, हेही पाहावे लागते. ते टिपण दप्तरखान्याविषयी आहे. ग्रंथाच्या प्रती कोणी केल्या, कोणती प्रत कोठे राहिली, फिंडेगिलने चौथ्या युगाच्या 172 व्या वर्षी गॉन्डोरमध्ये आपली नक्कल कशी पुरी केली, याचा काटेकोर हिशेब त्यात आहे. जेथे नक्कलकाराच्या कामाचेही वर्ष टिकून राहते, तेथेच एल्फ अधिपतीचा दिवस हरवतो. हा विरोध अर्थपूर्ण आहे. प्राचीन युगे ज्याने स्वतः पाहिली, त्याला दप्तराची गरज नव्हती. दप्तराची गरज मर्त्यांना असते. जिवंत स्मृती निघून जाते आणि मागे लिखित इतिहास उरतो. या संक्रमणाचा क्षण इतिहासाला स्वतः नोंदवता येत नाही, कारण त्याचा साक्षीदारच त्या क्षणी नाहीसा होतो.

याच्या शेजारी माग्लोरचे उदाहरण ठेवले की अनिश्चिततेचे प्रकार वेगळे करता येतात. 1977 च्या ‘द सिल्मारिलिअन’मध्ये तो समुद्रकाठी शोकगीते गात भटकतो. 1951 च्या सुमारास लिहिलेल्या एका दीर्घ पत्रात मात्र टॉल्किन फेआनोरच्या उरलेल्या दोन्ही पुत्रांचा नाश झाल्याचे सांगतात, एकाचा समुद्रात व दुसऱ्याचा भूगर्भात. येथील संदिग्धता मसुद्यांच्या परस्परविरोधातून व लेखकाच्या मृत्यूनंतरच्या संपादनातून निर्माण झाली आहे. केलेबॉर्नच्या बाबतीत ती लेखकाने स्वतः प्रकाशित केलेल्या पाठात आहे. दोहोंना एकच नाव देणे पद्धतीच्या दृष्टीने चुकीचे ठरेल.

अर्थात केलेबॉर्नलाही पाठभेदांची बाधा आहेच, पण ती त्याच्या आरंभाविषयी आहे. प्रकाशित पाठानुसार तो थिंगॉलचा आप्त, म्हणजे पश्चिमेची भूमी कधीही न पाहिलेला एल्फ. 1980 च्या ‘अनफिनिश्ड टेल्स’मधून दिसते की, आयुष्याच्या अखेरीस टॉल्किन त्याला समुद्रापारच्या टेलेरी कुळात नेऊ पाहत होते. हा बदल स्वीकारला तर त्याचे प्रस्थान म्हणजे स्वगृही परतणे ठरते, आणि मग इतकी दीर्घ दिरंगाई अनाकलनीय होते. प्रकाशित पाठात मात्र ज्या भूमीवर तो वाढला तीच सोडून जायचे आहे आणि समोर आहे तो केवळ ऐकलेला किनारा. तेथे त्याचे रेंगाळणे समजू शकते. आरंभाचा पाठ बदलला की शेवटाचा अर्थही बदलतो. म्हणून केवळ नंतरचा मसुदा अधिक प्रमाण, हा नियम येथे आंधळेपणाने लावता येत नाही.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर असे देता येईल. समीक्षकाने ती तारीख शोधू नये आणि पोकळी कल्पनेने भरूही नये. तसे करणे म्हणजे संहितेने परिश्रमपूर्वक राखलेला अवकाश बुजवणे होय. त्याचे काम त्या अवकाशाच्या सीमा आखून देण्याचे आहे : कोणते विधान केव्हाचे, कोणाच्या तोंडचे, किती खात्रीचे. या सीमा आखल्या की, ज्या पात्राला आपण गौण समजत होतो त्याच्याच जाण्याने कथेतील प्राचीन काळ खऱ्या अर्थाने संपतो, हे ध्यानात येते. निरोपाचा भव्य प्रसंग गॅलाड्रिएलच्या वाट्याला आला, पण युगाचा अंत मात्र कोणाच्याही नोंदीविना गेलेल्या केलेबॉर्नच्या पावलांनी झाला.