उतारांच्या आधीची गावे

8 फेब्रुवारी 1865 रोजी दोन जर्मन पाहुणे घसरगाडीतून डावोस गावात उतरले. फ्रिडरिश उंगर पेशाने डॉक्टर, तर ह्युगो रिश्टर पुस्तकांच्या व्यवसायातला. दोघांनाही क्षय झालेला. समुद्रसपाटीपासून 1560 मीटर उंचीवरच्या त्या स्विस खोऱ्यात भर हिवाळ्यात बाहेरून कोणी येत नसे. डोंगरातली थंडी निरोगी माणसालाही सोसवत नाही, असाच तेव्हा समज होता. हे दोघे मात्र तिथे राहिले आणि त्यांची प्रकृती सुधारली.

आज परदेशात हिवाळी सुट्टी घालवायला निघालेले कुटुंब उतार किती लांब, लिफ्ट किती, शिकवणी कितीला, हे सगळे पडताळून स्कीचे ठिकाण ठरवते. आल्प्समधली सर्वांत नामांकित गावे हिवाळ्यासाठी पहिल्यांदा निवडली गेली तेव्हा मात्र उताराचा विचार कोणाच्याही मनात नव्हता. डावोसची निवड फुप्फुसांनी केली.

त्यामागे अलेक्झांडर श्पेंग्लर नावाचा डॉक्टर होता. 1848 च्या जर्मन क्रांतीत भाग घेतल्यामुळे परागंदा झालेला हा तरुण स्वित्झर्लंडमध्ये वैद्यक शिकला आणि 1853 मध्ये डावोसला रुजू झाला. इथल्या लोकांत क्षय जवळजवळ आढळत नाही, हे त्याने हेरले. कोरडी हवा, वाऱ्यापासून आडोसा आणि हिवाळ्यातही मिळणारे स्वच्छ ऊन यांवर त्याने उपचार उभा केला. विलेम यान होल्सबूर या डच माणसाची व्यवहारबुद्धी त्याला मिळाली, आरोग्यगृह उभे राहिले आणि 1890 मध्ये लांडक्वार्टहून रेल्वेही डावोसला पोहोचली. आपल्याकडे पुढे पाचगणीचे बेल-एअर आणि मिरजेजवळचे वानलेसवाडी इथली क्षयरोग्यांची आरोग्यधामे निघाली, तीही चांगल्या हवेवरच्या अशाच भरवशाने. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनने ‘ट्रेझर आयलंड’ डावोसमध्ये पूर्ण केले, तेही आजारपणासाठी तिथे राहिलेला असतानाच.

सेंट मॉरिट्झची गोष्ट वेगळी आहे. तिथे योहानेस बाड्रुट हा हॉटेलवाला होता. 1864 च्या उन्हाळ्याअखेरीस परत निघालेल्या इंग्रज पाहुण्यांना त्याने म्हणे पैज घातली: हिवाळ्यात या, आवडले नाही तर प्रवासखर्च माझा. ते नाताळला आले आणि ईस्टरपर्यंत मुक्काम ठोकून राहिले. ही कथा गाव आजही अभिमानाने सांगते. तिचे तपशील सांगता सांगता रंगत गेले असतील, पण धडधाकट माणसांनी केवळ मौजेसाठी हिवाळ्यात डोंगर गाठायची प्रथा तिथे रुजली, यात शंका नाही. ही मौज होती स्केटिंगची आणि घसरगाड्यांची. क्रेस्टा रन हा बर्फाचा घसरमार्ग 1884-85 च्या हिवाळ्यात बांधला गेला. स्कीचे नाव अजून कोणी काढत नव्हते.

स्की आल्या नॉर्वेहून, आणि सुरुवातीला लोकांनी त्यांना हसण्यावारी नेले. डावोसचे ब्रांगर बंधू चेष्टा टाळण्यासाठी अंधार पडल्यावर सराव करत, असे सांगतात. पत्नीच्या क्षयामुळे लेखक आर्थर कॉनन डॉइल तेव्हा डावोसला राहत होता. मार्च 1894 मध्ये या बंधूंबरोबर तो मायेनफेल्डर फुर्गा ही खिंड ओलांडून अरोसाला गेला. उतरताना बराच भाग तो बसूनच घसरला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ‘स्ट्रँड’ मासिकात या सफरीवर लिहिताना त्याने भाकीत केले की एक दिवस शेकडो इंग्रज स्कीच्या हंगामासाठी स्वित्झर्लंडला येतील. त्याचा आकडा फारच कमी ठरला.

हे भाकीत ज्यांनी खरे करून दाखवले, त्यांचा धागा थेट भारताशी जुळतो. हेन्री लन हा मेथडिस्ट धर्मोपदेशक आणि डॉक्टर 1887 मध्ये मिशनरी म्हणून भारतात आला. त्याचा मुलगा आर्नल्ड 1888 मध्ये मद्रासला जन्मला. प्रकृतीने साथ न दिल्याने हेन्री लवकरच मायदेशी परतला आणि प्रवाससहलींच्या धंद्यात शिरला. त्याने ‘पब्लिक स्कूल्स अल्पाइन स्पोर्ट्स क्लब’ काढला. बड्या इंग्रजी शाळांत किंवा ऑक्सफर्ड-केंब्रिजला शिकलेले आणि लष्करी अधिकारी यांनाच तिथे प्रवेश. सबंध हॉटेले या सभासदांसाठी राखली जात. म्हणजे आता गाव निवडताना हवेइतकाच शेजारही पाहिला जाऊ लागला. एरवी उन्हाळा संपला की कुलूप लागणारी हॉटेले हिवाळ्यात उघडू लागली ती याच गिऱ्हाइकामुळे. वर्गाची ही भिंत आज खटकते, पण डोंगरातल्या कित्येक गावांना हिवाळ्याची कमाई तिच्या आडूनच मिळाली, हेही मान्य करावे लागते.

आर्नल्डने या खेळाला शिस्त दिली. 1911 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या मोंटाना इथे त्याने भरवलेल्या उतारावरच्या शर्यतीसाठी लॉर्ड रॉबर्ट्स यांनी करंडक दिला. हे रॉबर्ट्स म्हणजे 1880 मध्ये काबूलहून कूच करून कंदाहारचा वेढा फोडणारे सेनापती. मैवंदच्या लढाईत मुंबई सैन्याच्या पलटणी कापल्या गेल्या होत्या. त्या पराभवानंतर कंदाहारात अडकलेल्या फौजेच्या सुटकेसाठीच ही कूच होती. सेनापतीच्या किताबातून ‘कंदाहार’ हे नाव करंडकाला मिळाले आणि तिथून ते म्यूरेन या स्विस गावातल्या स्की क्लबला आणि आल्प्समधल्या मोठ्या शर्यतींना चिकटले. मोंटानाच्या त्या स्पर्धकांना आदल्या दिवशी पायी चढून वरच्या झोपडीत रात्र काढावी लागली होती, कारण वर नेणारी लिफ्टच नव्हती. 1922 मध्ये आर्नल्डने म्यूरेनला आधुनिक स्लालम, म्हणजे खांबांमधून वळणे घेत उतरायची शर्यत घेतली. हिंदुस्थानात अडकलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांना दर हिवाळ्यात आल्प्स गाठणे शक्य नव्हते. त्यांनी 1927 मध्ये गुलमर्गला ‘स्की क्लब ऑफ इंडिया’ काढला.

उतार हाच निकष व्हायला यंत्र यावे लागले. 1934 च्या नाताळात डावोसला एर्न्स्ट कोन्स्टाम या अभियंत्याने स्कीवर उभ्या माणसांना दोराने ओढत वर नेणारी लिफ्ट सुरू केली. दिवसभर चढून एकदाच उतरणारा माणूस आता दिवसात अनेकदा उतरू लागला. ज्या डोंगरावर पाय दमायचे, त्यावर आता तिकीट लागू झाले.

मग गाव शोधण्याऐवजी वसवण्याचा विचार पुढे आला. अमेरिकेत युनियन पॅसिफिक रेल्वेच्या ॲव्हरेल हॅरिमन यांना हिवाळ्यात प्रवासी हवे होते. त्यांनी फेलिक्स शाफगोच या ऑस्ट्रियन उमरावाला पश्चिमेकडचे डोंगर धुंडाळायला पाठवले. त्याने एकामागून एक जागा नाकारल्या आणि अखेर आयडाहोतल्या केचम या पडत्या काळातल्या खाणगावावर बोट ठेवले. 1936 मध्ये तिथे सन व्हॅली उघडले आणि जगातल्या पहिल्या चेअरलिफ्ट तिथे फिरू लागल्या. जहाजावर केळीचे घड चढवणाऱ्या यंत्रणेवर काम केलेल्या जिम करन या अभियंत्याला ती कल्पना सुचली होती. फ्रान्समध्ये वास्तुरचनाकार लोराँ शापी याने युद्धकैदी असताना सावोय प्रांतातल्या दऱ्यांचे नकाशे मांडले आणि 1946 पासून मोकळ्या कुरणांवर कुर्शेव्हेल उभे राहिले. तिथे आधी उतार ठरले, मग इमारती. स्की काढाव्या लागू नयेत, दारातून थेट उतारावर जावे, हा त्यामागचा हिशेब.

आपोआप वाढलेले गाव आणि स्कीसाठी वसवलेले गाव, हा फरक निवड करणाऱ्याने ओळखावा. माहितीपत्रकात तो दिसत नाही. फ्रान्समधली 1960 नंतरची ठिकाणे सर्वस्वी स्कीसाठी बांधलेली आहेत. दिवसभर बर्फावर राहणाऱ्याला त्यांच्यासारखी सोय नाही, पण घरातले आजीआजोबा स्की करणार नसतील तर दुपार कशी घालवायची हा प्रश्न तिथे पडतो. डावोस, सेंट मॉरिट्झ, म्यूरेन ही गावे आजाऱ्यांसाठी, फिरायला येणाऱ्यांसाठी वाढली. तिथे आगगाडी आहे, उन्हातल्या पायवाटा आहेत, स्केटिंगची तळी आहेत, आणि डावोसच्या हॉटेलांच्या खोल्यांना मोठे सज्जेही आहेत, कारण एकेकाळी त्यांत क्षयरोगी तासन्‌तास पडून राहत. प्रतिजैविकांनी क्षय आटोक्यात आणल्यावर डावोसची कित्येक आरोग्यगृहे हॉटेले झाली.

पुणे-मुंबईच्या सहली मे महिन्यात युंगफ्राऊयोखला जातात, त्यांतल्या अनेक लाउटरब्रुनेनच्या दरीतून वर चढतात. या जुन्या गावांपैकी म्यूरेन त्याच दरीच्या कड्यावर 1650 मीटरच्या आसपास आहे. तिथे मोटारी जात नाहीत, केबलकार आणि छोटी रेल्वेच लागते. 1928 पासूनची ‘इन्फर्नो’ ही शर्यत तिथे अजून जानेवारीत होते.

आता निवडीत उंचीचे वजन वाढत चालले आहे. हिवाळे उबदार होत असल्याने कमी उंचीच्या गावांत बर्फाचा भरवसा उरलेला नाही आणि कृत्रिम बर्फ पाडायलाही पुरेशी थंडी लागते. फ्रान्समधले व्हाल तोराँस 2300 मीटरवर आहे, म्हणून तिथे हंगाम नोव्हेंबरपासून मेच्या सुरुवातीपर्यंत चालतो. मार्चनंतरची सुट्टी असेल तर आधी गावाची आणि सर्वांत वरच्या लिफ्टची उंची विचारावी, उतार उत्तरेला तोंड करून आहेत का ते पाहावे, आणि मगच हॉटेलाचे दर काढावेत.