आवाज आणि देह : विल्यम कॉनराड

१९५२ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत सीबीएस रेडिओवर ‘गनस्मोक’ ही मालिका सुरू झाली. नायक मॅट डिलन, कॅन्ससमधल्या डॉज सिटीचा मार्शल. त्याला आवाज दिला विल्यम कॉनराडनं. खर्जातला, दमलेला आवाज. बंदूक चालवावी लागते याचा वीट आलेला माणूस त्यातून ऐकू यायचा. श्रोत्यांनी त्या आवाजाला आपापल्या मनानं देह दिला. उंच, काटक, रुंद खांद्यांचा.

आता खरा कॉनराड बघा. जन्म १९२०, केंटकीतल्या लुइव्हिलचा. उंची बेताची, शरीर स्थूल. महायुद्धात वैमानिक होता आणि १९४६ च्या ‘द किलर्स’ चित्रपटात भाडोत्री मारेकरी झाला होता. म्हणजे कॅमेरा काही नवा नव्हता. पण १९५५ मध्ये ‘गनस्मोक’ दूरचित्रवाणीवर आली, तेव्हा मार्शल झाला साडेसहा फुटी जेम्स आर्नेस. रेडिओवरच्या चारही प्रमुख नटांना वगळलं गेलं. भरतमुनींनी वाचिक आणि आंगिक अभिनय वेगळे सांगितलेत. इथे वाचिकात पहिला नंबर, आंगिकात नापास!

खरी गंमत पुढे आहे. रेडिओवरची मालिका बंद पडली नाही, ती १९६१ पर्यंत चालली. म्हणजे जवळजवळ सहा वर्षं अमेरिकेत एकाच वेळी दोन मॅट डिलन होते, एक दिसणारा आणि एक ऐकू येणारा. यातला खरा कोण? माझं मत विचाराल तर ज्यानं त्या माणसाचा स्वभाव घडवला तो. पण मानधन आणि कीर्ती डोळ्यांच्या बाजूनं गेली, हेही तितकंच खरं.

कॉनराड मग पडद्यामागूनच घराघरांत शिरला. रॉकी आणि बुलविंकलच्या कार्टूनमधला धांदलखोर निवेदक तोच, आणि १९६३ ते ६७ या काळातल्या ‘द फ्युजिटिव्ह’चा गंभीर निवेदकही तोच. एकाच गळ्यातून इतके दोन टोकांचे सूर निघतात, हे मला आजही विलक्षण वाटतं. पुढे त्यानं ‘गनस्मोक’चे एकदोन भागही दिग्दर्शित केले, मनात काय आलं असेल, देव जाणे.

१९७१ मध्ये त्याला ‘कॅनन’ मिळाली. त्यात तो खाण्यापिण्याचा शौकीन, लठ्ठ खासगी गुप्तहेर होता. ज्या देहामुळे सोळा वर्षांपूर्वी दार बंद झालं, तोच देह आता भूमिकेचा भाग होता. मालिका पाच वर्षं चालली. पुढच्या दुसऱ्या एका मालिकेच्या तर नावातच ‘फॅटमॅन’ होतं. ती १९९२ ला संपली, आणि १९९४ च्या फेब्रुवारीत कॉनराड गेला.