‘अटळ’ अपघात नेमका कधी अटळ झाला?

ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘नेचर’मध्ये ‘मॉरल मशीन’ या प्रयोगाचे निष्कर्ष छापून आले. प्रश्न असा होता: विनाचालक गाडीचे ब्रेक निकामी झालेत, अपघात टळणार नाही, मग गाडीने वाचवायचं कोणाला? म्हातारा की मूल? माणूस की जनावर? जगभरातून सुमारे ४ कोटी उत्तरं जमली. ‘जनावराआधी माणूस’ हा त्यातला एक ठळक कल.

पुढच्याच महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यात, चिचपल्लीच्या जंगलात, रेल्वेखाली येऊन वाघाचे तीन बछडे मेले.

तुम्ही म्हणाल, रेल्वेचा इथं काय संबंध? पण हा प्रश्न मुळात रुळांवरूनच आलाय. १९६७ मध्ये तत्त्वज्ञ फिलिपा फूट यांनी एका निबंधात ट्रॅमचा चालक उभा केला: एका रुळावर पाच माणसं, दुसऱ्यावर एक. ज्युडिथ जार्व्हिस थॉमसन यांनी १९७६ मध्ये त्याला ‘ट्रॉली प्रॉब्लेम’ म्हटलं. फूट यांच्या चालकाला निदान दुसरा रूळ होता. जंगलातून गाडी नेणाऱ्या लोको पायलटकडे फक्त हॉर्न आणि ब्रेक, आणि भरधाव गाडी ब्रेक लावला तरी शेकडो मीटर पुढे जातेच.

मग निर्णय घेतला कोणी? इथून इतिहासाचं काम सुरू होतं. गोंदिया–बल्लारशा हा मार्ग आधी नॅरोगेज होता. १९९० च्या दशकात तो ब्रॉडगेज होत गेला. गाड्या मोठ्या झाल्या, वेग वाढला. जंगलात वेग किती ठेवायचा, प्राण्यांसाठी रुळाखालून वाट काढायची का, खर्च कोणी करायचा, हे सगळं कागदावर ठरतं, अपघाताच्या कितीतरी आधी. पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या नागपूर–सिवनी महामार्गाचं प्रकरण कोर्टात गेलं, मग रस्त्याखालून वाटा बांधल्या गेल्या. आज कॅमेऱ्यांत तिथून जाणारे वाघ दिसतात. तिथं ‘अटळ’ गोष्ट टळली.

पण लगेच ‘वेग कमी करा’ असं लिहून मोकळे होऊ नका. याच मार्गावरचं वडसा हे गडचिरोली जिल्ह्याचं कित्येक वर्षं एकमेव रेल्वे स्थानक. गाडी हळू झाली तर उशीर नागपूरच्या माणसाला नाही, तिथल्या रुग्णाला आणि मजुराला होतो. वेगाची किंमत कोणीतरी मोजतंच. ती कोणी मोजायची, हाच नैतिक प्रश्न आहे. विनाचालक गाडीतही जंगलातला वेग आधीच सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेला असणार.

म्हणून संशोधन आराखडा लिहिताना एवढं करून बघा. तुमच्या प्रश्नात ‘अटळ’, ‘अपरिहार्य’ असा शब्द आला की त्याच्याखाली रेघ मारा आणि शेजारी लिहा: कधीपासून? कोणत्या कागदामुळे? मग तो कागद शोधायला अभिलेखागारात जा.